पोह्यांच्या आधीचा माणूस

ताई लॅबमध्ये पाऊल टाकायच्या तेव्हा त्यांच्या पोटात दीड भाकरी आणि मिरचीचा ठेचा गेलेला असायचा. ही गोष्ट दारात बसलेल्या माणसांना कळू नये म्हणून त्यांचा कोण आटापिटा चालायचा! मागच्या मोरीत जाऊन खळखळून चूळ भरायच्या, साबणाने दोनदा हात धुवायच्या, वर स्वतःची बाही हुंगून ती माझ्या नाकासमोर धरायच्या. "बघ बरं, वास येते का?" कारण दारात बसलेली माणसं सगळी उपाशी असायची.

बुरहानपुरात शनवारा दरवाज्याजवळ आमची रक्त तपासायची छोटीशी लॅब होती. सकाळी येणारे बहुतेक जण साखरेच्या तपासणीसाठी यायचे, म्हणजे आदल्या रात्रीपासून पाण्याखेरीज तोंडात काही नाही. त्यांचं रक्त ताई काढायच्या. नंतर ते जेवून दोन तासांनी परत आले की पुन्हा काढायच्या. मी काउंटरवर बसून नावं घ्यायचे आणि लोकांची बोलणी खायचे. लॅब डॉक्टरसाहेबांची होती, पण ते दहा वाजल्यानंतर उगवायचे, त्यामुळे सकाळचं राज्य ताईंचं.

"उपाशी हातानं सुई धरायची नाई," ताई म्हणायच्या. "हात कापते आपला, अन जीव दुसऱ्याचा जाते."

त्यांचे वडील महाराष्ट्रातून इकडे मध्य प्रदेशात कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आलेले. ताई मिलच्या क्वार्टरमध्येच वाढल्या, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, अर्धी खानदेशाकडची, अर्धी हिंदीत बुडवून काढलेली. पन्नाशीच्या होत्या. पांढऱ्या कोटाच्या दोन्ही खिशांत ग्लुकोजची बिस्किटं, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. लग्न झालं होतं, पण नवऱ्याला सोडून फार वर्षांपूर्वी माहेरी आल्या होत्या. का सोडलं, हे एकदा मी आगाऊपणाने विचारलं. तर म्हणाल्या, "त्याच्या घरचं जेवण मानवलं नाई मला." त्यापुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

उपाशी लोकांच्या बाबतीत त्यांचे कायदे फार कडक. लॅबमध्ये खाण्याचं नाव काढायचं नाही. एका मिठाईवाल्याने दिवाळीत कॅलेंडर आणून भिंतीला लावलं. त्यावर मावा जिलेबीचं ताट, पाक अगदी ओघळतोय. ताईंनी त्या ताटावर तापीच्या घाटाचा फोटो चिकटवला. समोर रस्त्यावर पोहे-जिलेबीची गाडी लागायची. गाडीवाल्याला त्यांनी दम भरला होता, की वारा आमच्याकडे असेल तेव्हा गाडी पलीकडे सरकवायची. तो बिचारा सरकवायचा. न सरकवून सांगतो कुणाला, रक्त देऊन सुटलेली सगळी माणसं थेट त्याच्याकडेच तर धावायची!

मी नवीन असताना एकदा सकाळी काउंटरखाली डबा उघडला. आईने लसणाची फोडणी घालून शेपू दिला होता. रांगेतल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. ताई आतून सुईसकट धावत आल्या. "भुकेल्यांच्या समोर डबा उघडते? लाज नाई वाटत?" मी झाकण लावलं आणि दुपारपर्यंत डब्याकडे बघितलंही नाही. आजही कुठल्या दवाखान्यात कुणी डबा उघडला की माझा जीव खालीवर होतो.

ताईंचं म्हणणं असं, की भूक पोटात लागते हा आपला गैरसमज आहे. "आधी माणसाची जीभ बिघडते. मग डोकं दुखते. मग हातपाय थरथरते. पोटाला सगळ्यात शेवटी कळते." हे त्या कुठे शिकल्या नव्हत्या. रोज सकाळी अर्धं गाव उपाशी बघायचं भाग्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतं?

अन खरंच, काय काय बघितलं आम्ही! एरवी बाजारात रुबाबात चालणारे लोक भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसायचे. काही जण नंबरावरून भांडायचे. नवरा-बायको जोडीने आले की बोलायलाच नको, कुणाच्या तरी मावशीच्या लग्नात झालेला अपमान तिथे पुन्हा ताजा व्हायचा. काही जणांना उपाशीपोटी खरं बोलायची हुक्की यायची. एक गृहस्थ डॉक्टरसाहेबांना नेहमी शपथेवर सांगायचे, की गोडाला शिवतही नाही. एका सकाळी रांगेत ताटकळून ते इतके व्याकूळ झाले, की घरी कपाटात दराब्याच्या मिठाईचा डबा कुठे लपवला आहे ते सगळ्यांना सांगून बसले. शेजारीच त्यांची बायको होती. पुढचं मी सांगत नाही.

एकदा चतुर्थीच्या दिवशी एक बाई आल्या. उपाशी आहात ना, विचारलं तर म्हणाल्या, "उपासच आहे माझा!" ताईंना संशय आला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू झाला होता. "बाई," ताई म्हणाल्या, "एवढं तर मी जेवणाच्या दिवशी पण नाई खात. उद्या या." त्या बाई फणकाऱ्याने गेल्या, पण दुसऱ्या दिवशी आल्या, आणि त्या दिवशी त्यांना भूक म्हणजे काय ते कळलं.

सगळ्यात जास्त ताईंचं डोकं फिरायचं ते बायकांवर. चिडचिड होते, चक्कर येते, डोकं धरतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलेल्या. ताई दंडाला पट्टा बांधता बांधता विचारायच्या, "सकाळी किती वाजता खाते?" उत्तर ठरलेलं. सगळ्यांचं झालं की. सगळ्यांचं कधी होतं? दुपारी. "मग चिडचिड कशाची सांगते? भूक आहे ती तुझी," ताई कडाडायच्या. "चहा ढोसून मारून राहिली तिला, म्हणून ती डोक्यात जाऊन बसली." आणि सुई काढली की कोटाच्या खिशातून बिस्किटं काढून तिच्या हातावर ठेवायच्या, आणि ती खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. कितीतरी बायका तिथे बिस्किट खाता खाता रडायच्या. मला आधी वाटायचं सुई टोचल्यामुळे रडतात.

एक प्रसंग मी विसरणार नाही. एक म्हातारे मास्तर रांगेत बसल्या बसल्या एकदम उठले आणि मला नाही नाही ते बोलायला लागले. माझ्या वडिलांपर्यंत गेले. मी रडकुंडीला आले, रांगेतली माणसंही चिडली. एक जण त्यांना बाहेर काढायला उठलाच. ताई बाहेर आल्या, मास्तर काय बोलतायत तिकडे लक्षही दिलं नाही, त्यांचा सदरा बघितला. पाठीवर घामाने चिंब. हात थरथरत होते. "मास्तर, गोळी खाऊन आले का घरून?" मास्तर सवयीप्रमाणे साखर उतरवायची गोळी खाऊन आले होते, आणि वर काही खाल्लं नव्हतं. ताईंनी बोटाला सुई टोचून मशीनवर बघितलं, साखर पार खाली गेली होती, आणि लगेच त्यांच्या तोंडात साखर घातली. थोड्या वेळात मास्तर असे काही निवळले, की मला म्हणाले, "बेटा, पाणी देते का जरा?" काय बोलले होते ते त्यांना आठवतही नव्हतं.

"पोटात काही नसलेल्या माणसाचं बोलणं धरायचं नाई," त्या दिवशी ताईंनी मला सांगितलं. "ऐकायचं अन सोडून द्यायचं." ताईंनी पुढेही हजारदा सांगितलेली ही गोष्ट मी गाठीला बांधली, आणि खरं सांगते, त्यामुळे माझे काउंटरवरचे दिवस फार सुखाचे गेले. कुणी ओरडलं की मी मनात म्हणायचे, हा ओरडत नाही, याचं पोट ओरडतंय. राग येईनासाच झाला. ती नोकरी सोडून मला आता बरीच वर्षं झाली. ताई मात्र अजून तिथेच आहेत. चष्म्याचा नंबर तेवढा वाढला आहे.

तर मी तिथे असतानाच माझं लग्न ठरायच्या बेतात आलं. मुलगा तापीकाठच्या केळीवाल्यांच्या घरचा, देडतलाईला बँकेत नोकरीला. बघायला आले, आईने कांदेपोहे केले, चिवडा, बर्फी. मुलगा कमी बोलला, पण जे बोलला ते हसून. दुसऱ्या वेळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिथे तर जेवणच होतं. घरी सगळे खूश. बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी होकार कळवून टाकू. मला काहीच ठरवता येत नव्हतं. माणूस वाईट वाटत नव्हता, पण दोन भेटींत कोण वाईट वाटतं? आणि मला जन्म काढायचा होता त्याच्याबरोबर. झोप उडाली होती माझी.

ताईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "पोहे खाऊन बसलेला पोरगा बघितला तू! अगं, पोहे खाल्ल्यावर सगळेच देव असतात. माणूस पोह्यांच्या आधी बघायचा असते." आणि मग काय मनात आलं कोण जाणे, "त्याला इथे बोलाव," म्हणाल्या. "लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्यायचं, आजकाल सगळेच करतात. साखर, चरबी, सगळंच करू. उपाशी ये म्हणावं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण फोन मी केला. का केला, तर मलाही बघायचंच होतं. तो लगेच हो म्हणाला. ठरल्या दिवशी देडतलाईहून पहाटे मोटारसायकल काढून रांग लागायच्या आधी हजर. मला बघून हसला, "तुम्ही रोज इतक्या लवकर येता का?" म्हणाला. मी लाजून पाण्याचा ग्लास पुढे केला.

ताईंनी त्याला बसवून ठेवलं. त्याच्या मागून आलेले गेले, त्यांच्या मागून आलेले गेले. आधी तो मोबाईल बघत होता. मग मोबाईल खिशात गेला. मग तो दारापर्यंत जाऊन परत येऊ लागला. त्यातच वारा फिरला आणि समोरच्या गाडीवरून जिलेबीचा वास आत आला. ताईंनी त्या दिवशी गाडीवाल्याला काही सांगितलं नाही. दोनदा तो काउंटरवर आला, "अजून किती वेळ?" मी दोन्ही वेळा मान खाली घालून "होईलच" म्हटलं. तिसऱ्या वेळी मात्र बांध फुटला.

"ये क्या तरीका है?" तो ताईंच्या खोलीकडे बघून ओरडला. "मागून आलेले लोक जाऊन राहिले अन मी इथे येड्यासारखा बसलो! सुट्टी टाकून आलो ना मी!" मग माझ्याकडे वळला. "अन तू? तू नुसती बसून पाहून राहिली! आताच हे हाल, तर लग्नानंतर काय करशील?"

सगळ्या रांगेने ऐकलं. त्यात आमच्या गल्लीतल्या दोन बायका होत्या. ताई बाहेर आल्या, त्याला आत नेलं, रक्त काढलं. तो दंडावर कापूस दाबून माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी मागच्या खोलीत जाऊन रडले. रोज अनोळखी माणसांची बोलणी हसत झेलणारी मी, पण हे झेलता आलं नाही. याचं पोट ओरडतंय, असं मनात म्हणून बघितलं, जमेना. त्या 'तू'ने मला आरपार कापलं होतं. ताई आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, "मी घरी नकार सांगून टाकते."

"सकाळपासून काय खाल्लं तू?"

मी काहीच खाल्लं नव्हतं. त्यांनी आपल्या दुपारच्या डब्यातली भाकरी माझ्यासमोर ठेवली. "उपाशीपोटी हो म्हणायचं नाई अन नाई पण म्हणायचं नाई. खा आधी."

मी खाल्लं. खाऊन झाल्यावरही अपमान तेवढाच होता. मी म्हटलं, "ताई, तुम्हीच म्हणता ना, भुकेल्याचं धरायचं नाही? मग याचंही सोडून देऊ? आणि जन्मभर सोडतच राहू?"

ताई काचेच्या दारातून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता झालं ते पहिलं सॅम्पल. खाल्ल्यानंतरचं बाकी आहे. थांब जरा."

त्या परत कामाला लागल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. एका माणसाची शीर त्यांना दोनदा सापडली नाही. तो कळवळला. असं मी कधी बघितलं नव्हतं. दार वाजलं की त्यांची मान वळायची, आणि कुणी दुसरंच आत आलं की पुन्हा खाली जायची. माझ्या लग्नाची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पडली आहे की काय, असं मला वाटायला लागलं.

आणि तो आला. पोहे खाऊन आला होता, मिशीला शेव लागली होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. रांगेत अजून चार-पाच माणसं होती, त्या दोन बायकाही आपला नंबर होऊन गेला तरी मुद्दाम रेंगाळत होत्या. तो सरळ काउंटरपाशी आला.

"मघाशी मी तुम्हाला बोललो ते चुकलं," तो म्हणाला. आवाज काही बारीक केला नाही. "तू बोललो, तेही चुकलं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. तुमचा जो निर्णय असेल, तो मान्य आहे मला."

ताई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, अगदी सहज, "भूक लागली होती ना भाऊ? होते असं."

त्याने नाही म्हणून मान हलवली. "भूक तर इथे सगळ्यांनाच लागली होती."

ताई मागच्या खोलीत निघून गेल्या. बराच वेळ झाला तरी आल्या नाहीत, म्हणून मी बघायला गेले. त्या स्टुलावर बसल्या होत्या, चष्मा हातात, डोळे लाल. ताईंना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"माझा नवरा मारायचा मला," त्या म्हणाल्या. "कामावरून यायचा अन चिडायचा, तर मला वाटे, भुकेला आहे बिचारा. भुकेल्याचं काय धरायचं? मी अजून लवकर स्वयंपाक करायची. अजून गरम वाढायची. तो आरामात जेवायचा, हात धुवायचा, टावेलला पुसायचा. अन मग मारायचा. किती वर्षं मला हे दिसलंच नाई, बघ. मी आपली भुकेला दोष देत राहिली."

मी त्यांच्या पायाशी बसले.

"भुकेत तर चांगला माणूस पण बिघडते. ते बघायला नव्हतं बोलावलं मी याला," त्यांनी चष्मा पुसला. "पोट भरल्यावर हा परत येते का, तेवढंच बघायचं होतं. मी लई वाट पाहिली होती. माझा कधीच नाई आला."

मग एकदम त्यांना माझ्यावरच राग आला. "अन तू इथे काय बसून राहिली? तो पोरगा उभा आहे ना तिकडे!"

मी डोळे पुसून बाहेर आले. तो आता एका खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, निकालाची वाट बघत असल्यासारखा. गल्लीतल्या त्या दोन बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी काउंटरचं फळीचं दार उचललं, बाहेर आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.